उतारशाळेच्या मालकाचे काय?

नागपुरात उमरेड मार्गाने निघाले की सक्करदरा चौक लागतो. चौकाच्या परिसरातच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, जवळच तलाव आहे, आणि सारे शहर ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणते ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथून फार दूर नाही. याच सक्करदऱ्यात राजे रघुजीराव भोसले यांच्या वाड्यात हजरत ताजुद्दीन बाबांचे अखेरचे दिवस गेले. १९२५ साली त्यांनी देह ठेवला, आणि आज त्यांचा दर्गा याच उमरेड मार्गावर ताजबागेत आहे. दुखणे घेऊन माणसे या वाटेने शतकभर येत आहेत. कोणी वैद्याकडे, कोणी डॉक्टरकडे, कोणी दर्ग्याकडे, आणि पुष्कळदा एकच माणूस तिन्हीकडे.

अशा या वस्तीत, बुधवारच्या बाजाराची गर्दी नुकती जमू लागली असताना, एका दुपारी आमच्या दारी आशाताई आली. खांद्याला पिशवी, पिशवीत जाडजूड नोंदवही आणि हातात मोबाईल. घरातील वृद्धांची विचारपूस करून तिने आधार क्रमांक मागितला, फोनवर काही भरले आणि म्हणाली, “काकाजी, ओटीपी आला का जी?” आला नव्हता. तिने पुन्हा प्रयत्न केला. दहा-पंधरा मिनिटे आम्ही दोघेही आपापल्या फोनकडे टक लावून बसलो. शेवटी तिने नोंदवही काढली आणि सारी माहिती हाताने लिहून घेतली. मग ही माहिती फोनमध्ये केव्हा भरणार, असे आम्ही विचारले. “रात्री. पोरगी भरून देते न जी.” ती निघाली, उंबरठ्यापर्यंत गेली आणि थबकली. “आजीच्या पायावर सूज दिसते जी. तिकडे पाहाचंच राहून गेलं.” ती परत आली, खाली बसली, आणि आमच्या घरातील वृद्धेच्या घोट्यावर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते पाहू लागली.

ते एक वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. आरोग्यसेवेत नवे यंत्र येते ते नेमके कोणाच्या खर्चाने येते? पैशाचा खर्च सरकार सोसते किंवा दाते सोसतात, हे उघड आहे. परंतु वेळ, लक्ष, डोळ्यांचा ताण, रात्रीची झोप, लेकीच्या अभ्यासाचा तास, हा जो दुसरा खर्च आहे तो कोणाच्या खाती मांडला जातो? आणि तो मांडलाच जात नसेल, तर अशा व्यवस्थेला आपण दयाळू म्हणावे काय?

यंत्राला नावे ठेवण्याचा आमचा मानस नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ज्या गरिबाची कोठेही नोंद नाही, त्याच्या वेदनेलाही व्यवस्थेच्या लेखी अस्तित्व नसते. २०१२ सालापासून क्षयरोग्यांची नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत होऊ लागली. त्या नोंदीच्याच आधारे २०१८ च्या एप्रिलपासून प्रत्येक रुग्णाच्या बँक खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट जमा करण्याची योजना आली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती रक्कम १,००० रुपये झाली. मधल्या चार हातांना स्पर्श न होता पैसा रोग्याच्या हाती पोहोचावा, ही लहान गोष्ट नव्हे. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाचा हेतूही असाच आहे : गोंदियाहून किंवा गडचिरोलीहून मेडिकलमध्ये आलेल्या रोग्याला आपली सारी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागू नये. हेतूविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न त्या हेतूच्या ओझ्याखाली वाकलेल्या पाठीविषयीचा आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनी असंख्य वेळा ऐकला आहे. यरुशलेमहून यरीहोस जाणारा वाटसरू, त्याला अर्धमेला करून टाकणारे लुटारू, पाहून न पाहिल्यासारखे करणारे याजक व लेवी, आणि जखमांवर तेल व द्राक्षारस घालणारा परका शोमरोनी. प्रवचनांत आपण बहुधा येथेच थांबतो. पण दाखला येथे थांबत नाही. शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर स्वतः त्याची शुश्रूषा करतो, आणि दुसऱ्या दिवशी एका चौथ्या माणसाशी त्याचे बोलणे होते. या चौथ्या माणसाकडे, म्हणजे उतारशाळेच्या मालकाकडे, आमचे तरी आजवर फारसे लक्ष गेले नव्हते. संत ऑगस्टीनने उतारशाळेत ख्रिस्तसभा पाहिली आणि मालकाच्या ठायी प्रेषित पौलाला पाहिले. परंतु आम्हांला तो आधी एक साधा श्रमजीवी माणूस म्हणून पाहावासा वाटतो. पुढचे सारे दिवस पट्ट्या बदलणे, पेज भरवणे, अंथरूण धुणे हे त्याच्याच माथी आहे. शोमरोनी तर कामासाठी पुढच्या गावी निघून चालला आहे.

शोमरोनी त्याला काय सांगतो, ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. तो दोन दीनार आधी हातावर ठेवतो. याहून अधिक खर्च लागू शकेल, हे तो स्वतःहून बोलतो. तो अधिक खर्च किती, याची मर्यादा तो घालत नाही. तो आपल्या शिरावर घेतो. आणि मी परत येईन, असे वचन देतो. लॅटिन पवित्र ग्रंथात या ‘अधिक खर्चा’साठी जे क्रियापद योजले आहे, त्यातूनच पाश्चात्त्य नीतिशास्त्रातील ‘सुपररोगेशन’ ही संज्ञा जन्माला आली. कर्तव्याच्या सीमेपलीकडचे सत्कृत्य असा तिचा अर्थ : जे केले तर स्तुत्य, न केले तर दोष नाही. १९५८ साली अर्मसन या इंग्रज तत्त्वज्ञाने संत आणि वीर यांच्याविषयी लिहिलेल्या निबंधापासून या कल्पनेची चर्चा नव्याने सुरू झाली. परंतु त्या चर्चेत एक गोष्ट बहुधा विसरली जाते. मूळ वचनात हे कर्तव्यापलीकडचे कृत्य शोमरोन्याचे नाही, ते मालकाचे आहे. आणि जो ते मागतो आहे त्याने त्याची परतफेड आधीच कबूल केली आहे. दुसऱ्याच्या चांगुलपणावर तो पुण्य कमवायला निघालेला नाही.

आता आपल्या व्यवस्थेकडे वळू. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा आल्या. २०१३ नंतर शहरी अभियानामुळे त्या नागपुरासारख्या शहरांतील वस्त्यांमध्येही आल्या. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हटले गेले आणि त्यांच्या मोबदल्याला ‘मानधन’. हे दोन्ही शब्द कानाला गोड लागतात, आणि दोहोंत एक पळवाट आहे. स्वयंसेविका म्हटली की तिच्या कामाला तास नाहीत. मानधन म्हटले की त्यात वेतनाचा हक्क नाही. मग गर्भवतीच्या नोंदीत एक नवा रकाना वाढतो, त्यानंतर एक नवे ॲप येते, त्यानंतर कार्डे काढण्याची मोहीम येते, आणि प्रत्येक वेळी ही भर तिच्या ‘स्वयंसेवे’तून वळती होते. कर्तव्यापलीकडचे काम रोज मागितले जाऊ लागले की त्याची स्तुती संपते. मात्र ते न केल्याचा दोष शिल्लक राहतो. केले तर कोणी पाहत नाही, राहिले तर विचारणा होते. म्हणजे संज्ञेचा अर्थच उलटा झाला! २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील आशा संपावर होत्या. मानधनाबरोबरच ऑनलाइन कामांचा बोजा हेही त्यांचे गाऱ्हाणे होते. पुढे राज्याने मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ केली. गौरवापेक्षा हे अधिक मोलाचे झाले, असे म्हणण्यात आम्हांला संकोच वाटत नाही.

अंगणवाडी सेविकांचे प्रकरण याहूनही बोलके आहे. बालकांचे वजन, उंची व आहार यांच्या नोंदी वहीऐवजी फोनवर कराव्यात म्हणून त्यांना सरकारी मोबाईल देण्यात आले. २०२१ साली त्यांवर ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचे ॲप आले. फोन कमी क्षमतेचे होते, ते तापत, अडत, बंद पडत. ॲपची भाषा इंग्रजी. ज्या बाईने पंचवीस-तीस वर्षे सुवाच्य मराठीत नोंदी ठेवल्या, तिला एका दिवसात निरक्षर ठरवण्याचा हा प्रकार होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी एक वेगळेच आंदोलन केले. त्यांनी ते मोबाईल सरकारी कार्यालयांत नेऊन परत केले. आम्हांला ही कृती फार अर्थपूर्ण वाटते. काम नको, असे त्या म्हणत नव्हत्या. चालणारा फोन द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. देणाऱ्याने परत येऊन विचारले नाही, म्हणून घेणारीला परत करायला जावे लागले. २०२३ च्या फेब्रुवारीतील संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच.

यंत्र बंद पडले म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०२२ च्या जुलैत राज्यातील अनेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील जुनी संगणकीय नोंदव्यवस्था थांबली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची पाळी आली. ज्या कारकुनाला व परिचारिकेला काल संगणक शिकलाच पाहिजे म्हणून सांगितले होते, तिलाच आज पेन आणि कागद पुन्हा हाती घ्यावे लागले, आणि रांगेतील रोग्याचा रागही तिनेच झेलला.

याच्या उलट एक उदाहरण आहे आणि तेही आपल्याच विदर्भातले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे नागपूरच्या मेडिकलचेच विद्यार्थी. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढून ते काम करू लागले, तेव्हा न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हा त्यांच्यासमोरचा मोठा प्रश्न होता. लहान बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो ते मोजले तर न्यूमोनिया ओळखता येतो; दोन महिन्यांच्या आतील बाळाला साठ आणि त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास ही धोक्याची रेषा. डॉक्टरच्या दृष्टीने हे अगदी सोपे. परंतु गावातील अनेक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. येथे दोन मार्ग होते. बाईला अपात्र ठरवायचे, किंवा यंत्र बदलायचे. बंग दांपत्याने मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले एक साधे उपकरण करविले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर बाळाला औषधाची गरज आहे. दहापर्यंत तर कोणालाही मोजता येते.

पुढे नवजात बालकांसाठी घरोघरी सेवा देण्याचा जो प्रयोग १९९३ पासून ३९ गावांत झाला, त्यात गावातील अल्पशिक्षित आरोग्यदूतांच्या हाती वजनकाटा, श्वास कोंडलेल्या बाळासाठी उपकरण आणि अखेर जंतुसंसर्गावरील इंजेक्शनदेखील दिले गेले. खेड्यातील बाईने इंजेक्शन द्यावे ही गोष्ट त्या काळी पुष्कळ तज्ज्ञांना धाडसाची वाटे. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. लोक ६२ हा आकडा सांगतात, आणि तो सांगण्याजोगाच आहे. आम्हांला मात्र त्या वृत्तान्तातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जाई, आरोग्यदूताचे काम पाही, तिच्या शंका ऐके, चुकले असेल ते तिच्याबरोबर बसून सुधारी. शोमरोनी परत येत असे, आणि तोही पंधरवड्याच्या पंधरवड्याला.

२०११ साली हीच पद्धत देशभर आशांकरवी राबवायचे ठरले. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर सहा आणि घरी झाले असेल तर सात गृहभेटी, बेचाळीस दिवस, आणि त्या साऱ्यांचे मिळून २५० रुपये ठरले. कार्यपद्धती पुस्तिकेत उतरली, नमुने छापले गेले. पंधरवड्याला परत येणारा माणूस मात्र पुस्तिकेत उतरवणे कठीण असते.

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे आम्ही हलके लेखत नाही, की आरोग्यव्यवस्था ही रोग्यासाठी आहे, कर्मचाऱ्यासाठी नाही. कुपोषित बालकाचे वजन वेळेवर नोंदवले गेले नाही तर सेविकेच्या गैरसोयीचे कौतुक त्या बालकाला काय कामाचे? शिवाय प्रत्येक नवी गोष्ट आरंभी टोचतेच. आज जिची आठवण काढली जाते ती नोंदवहीदेखील एके काळी नवी व त्रासाचीच होती. हे खरे आहे. परंतु ज्या दुपारी आशाताई आमच्या घरी आली, त्या दुपारी सुजलेला पाय कोणाच्या नजरेतून निसटत होता? फोनला जे लक्ष गेले ते त्या वृद्धेच्या वाट्याचे होते. कर्मचाऱ्याचे हित व रोग्याचे हित ही तराजूची दोन पारडी नव्हेत. पहिल्यातून जे काढले जाते ते बहुधा दुसऱ्यातूनही जाते. तिच्या जागी रात्री तिची मुलगी नोंद भरते, तेव्हा चुकीचा आकडा पडण्याचा धोका रोग्यालाच आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयीच्या आपल्या विश्वपत्रात तंत्रज्ञानाला माणसाचा सहकारी म्हटले, आणि त्याच वेळी बजावले की माणसाच्या कामातील समाधान व जबाबदारी हिरावून घेणारे तंत्रज्ञान त्याचे जणू वैरी होऊन बसते. २०२५ च्या जानेवारीत कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी रोमहून प्रसिद्ध झालेल्या टिपणातही हीच चिंता आहे : यंत्राने श्रमिकाला हात देण्याऐवजी श्रमिकालाच यंत्राच्या वेगाशी जुळवून घ्यावे लागेल की काय? शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभूने सांगितले तेव्हा त्याच्या समोर अत्यंत पवित्र असा एक नियम होता. ॲपचा नियम तितका पवित्र खचितच नाही.

सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. ‘सेवा’ हा शब्द आपण ख्रिस्ती लोकांनी जितका वापरला तितका क्वचितच कोणी वापरला असेल. १९२० साली गुंटूरला येऊन धर्मभगिनी झालेल्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर मेरी ग्लाउरी यांनी १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली; धर्मभगिनींना वैद्यकीय शिक्षण मिळावे, नुसत्या भक्तीवर रोगी सोपवू नये, हा आग्रह त्या पिढीने धरला. हा वारसा मोठा आहे. परंतु २०११-१२ मध्ये केरळात परिचारिका किमान वेतनासाठी संपावर गेल्या, तेव्हा ज्या खासगी रुग्णालयांच्या दारी त्या बसल्या त्यांत ख्रिस्ती संस्थांचीही रुग्णालये होती. आपल्याकडेही अपुऱ्या पगाराविषयी कोणी बोलू लागले की ‘हे तर मिशनचे काम’ हे उत्तर आपल्या ओठावर तयार असते. शोमरोन्याने स्वतः फुकट सेवा केली. मालकाकडून मात्र त्याने ती फुकट मागितली नाही.

हे लिहिताना आमचीही एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही काही धर्मग्रामस्थांनी वर्गणी गोळा करून एका लहानशा दवाखान्याला संगणक भेट दिला. रोग्यांच्या नोंदी नीट राहाव्यात, औषधांचा साठा कळावा, हा हेतू. धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला, छायाचित्र काढले, पेढे वाटले. दवाखाना चालवणाऱ्या धर्मभगिनीला आमच्यातील एका तरुणाने दोन दुपारी शिकवले. त्यानंतर आम्ही त्या बाजूला फिरकलो नाही. चारेक वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी गेलो, तेव्हा संगणकावर क्रोशाचे रुमाल-आच्छादन घातलेले होते आणि सिस्टर वहीत लिहीत होत्या.

आम्ही काहीशा तक्रारीच्या सुरात विचारले. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी औषधांच्या वहीची मागची पाने उलटून आमच्यासमोर धरली. तेथे बारीक अक्षरात तारीखवार लिहिले होते : बॅटरी बदलली, इतके. वीज दुरुस्तीवाला, इतके. छपाईची शाई, इतके. सक्करदऱ्यातील एका मुलाकडे शिकवणी, तीन महिने, इतके. पुन्हा बॅटरी. दोन वर्षे त्या आपल्या तुटपुंज्या खर्चातून हे भागवत राहिल्या होत्या, आणि मग थांबल्या होत्या.

“सिस्टर, हे आम्हांला कळवायचे नाही का?”

“तुम्ही याल असे वाटले होते,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर लिहून ठेवले.”

आम्ही खिशातून पेन काढले आणि त्या पानाची बेरीज करायला बसलो.